जर्सी आधी उलटी करा

या खेपेला आलेले निम्मे प्रश्न ‘ऑथेंटिक’ या एकाच शब्दात अडकलेले आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

प्रश्न : एनएचएल (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची लीग) संघाची जर्सी घेतली. लेबलवर ‘ऑथेंटिक’ लिहिलंय, पैसेही तसेच मोजले. आता एक जुने संग्राहक म्हणतात, ‘खेळाडू घालतात ती ही नव्हेच.’ मी फसलो का?

तुम्ही फसला नाहीत आणि तेही खोटं बोलत नाहीत. घोळ शब्दाचा आहे. हॉकी जर्सीच्या चार पायऱ्या धरा. सगळ्यात खाली रेप्लिका : हलकं कापड, सैल बेत, फाइट स्ट्रॅप (त्याबद्दल पुढे सांगतो) नाही. तिच्या वर दुकानात मिळणारी ऑथेंटिक. मग संघासाठी शिवलेली, म्हणजे खेळाडूच्या कपाटात टांगली जाते ती. आणि सगळ्यात वर, त्याने सामन्यात प्रत्यक्ष घातलेली. तुमची दुसऱ्या पायरीवरची आहे. ते संग्राहक तिसऱ्या पायरीवर उभे राहून बोलताहेत.

आदिदासच्या काळात, म्हणजे 2017-18 ते 2023-24 या हंगामांत, हा फरक आतल्या लेबलवर सरळ वाचता यायचा. दुकानातल्या ऑथेंटिकवर ‘मेड इन इंडोनेशिया’, संघांकडे जाणाऱ्या जर्सीवर ‘मेड इन कॅनडा’. संग्राहकांच्या तोंडी सतत असणारं ‘एमआयसी’ ते हेच. क्यूबेक प्रांतात सेंट-हायसिंथ नावाचं गाव आहे, तिथल्या कारखान्यात संघांच्या जर्सी शिवल्या जातात. 2024-25 पासून जर्सींचं कंत्राट फनॅटिक्स कंपनीकडे गेलं तेव्हा चाहत्यांनी बराच आरडाओरडा केला, पण बर्फावरच्या जर्सी अजूनही त्याच कारखान्यातून येतात. हातात घेतल्यावर एमआयसी जड लागते, कापड जाडसर असतं आणि शिलाई ओढाताण सोसेल अशी असते.

फाइट स्ट्रॅप म्हणजे काय, असंही तिघांनी विचारलंय. जर्सी उलटी केली की पाठीच्या खालच्या बाजूला आतून शिवलेला एक पट्टा दिसतो. तो खेळाडूच्या पँटला अडकवायचा असतो. मारामारीत समोरच्याने जर्सी डोक्यावरून ओढली की हात अडकतात, आणि अंगात जर्सीच नसेल तर समोरच्याला धरायला काही उरत नाही. बफेलो सेबर्सचा रॉब रे हा दुसरा फायदा मनसोक्त घ्यायचा. भांडण सुरू झालं की त्याची जर्सी कधी उतरली ते कळायचं नाही. 1990च्या दशकात लीगने नियमच केला : जर्सी बांधलेली नसेल आणि मारामारीत अंगावरून पूर्ण निघाली, तर खेळाडू सामन्यातून बाहेर. चाहत्याला या पट्ट्याचा काडीचा उपयोग नाही, पण तो नसलेली जर्सी मला उघडी वाटते. शौक म्हणायचा आणि काय.

माझं ऐकाल तर पहिल्या दोन-तीन जर्सी दुकानातल्या ऑथेंटिकच घ्या. एमआयसीच्या मागे लागायचं ते डोळा तयार झाल्यावर.

प्रश्न : निम्म्याहून कमी किमतीत ‘ऑथेंटिक’ विकणाऱ्यांचं काय? फोटोत तर तंतोतंत दिसते.

फोटोत मलाही तंतोतंत दिसली होती. हार्टफर्ड व्हेलर्सची हिरवी जर्सी. हा संघ 1997 मध्ये कॅरोलिनाला गेला आणि नाव बदललं, पण त्याचं चिन्ह आजही हॉकीतल्या सर्वांत देखण्या चिन्हांत गणलं जातं : खाली डब्ल्यू, वर देवमाशाची शेपटी, आणि दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत आपोआप उमटलेला एच. माझ्या हातात आली तिच्यात त्या एचचा एक पाय दुसऱ्यापेक्षा बारीक होता. तो एच कुणी वेगळा शिवत नाही. भोवतालच्या दोन आकारांतून तो घडतो. कापणाऱ्याचा हात कातरीगणिक केसभर चुकत गेला की सगळी चूक येऊन एचमध्येच साठते. जर्सी उलटी केली तर चिन्हामागे पुठ्ठ्यासारखा कडक कागद तसाच ठेवलेला, आणि फाइट स्ट्रॅप एकाच सरळ शिलाईने टाचलेला. लहान मुलाने ओढला तरी निघाला असता.

म्हणून विक्रेत्याकडे फोटो मागताना समोरचा मागू नका, आतला मागा. पट्टा चौकोनात, आडव्या-उभ्या टाक्यांनी भक्कम शिवलेला हवा. आकडे आणि अक्षरं ट्विलच्या (तिरप्या विणीच्या) कापडाची, कडेने दाट झिगझॅग टाका, आणि दोन रंगांचा आकडा असेल तर साधारणपणे दोन थर एकावर एक. दोऱ्याचा रंग कापडाशी जुळतो का, तेही बघा. नकली मालात दोरा बहुतेक वेळा चमकतो आणि एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर न तोडता तसाच ओढून नेलेला असतो.

शिवाय काळाचा हिशोब जुळला पाहिजे. लीगची ढाल, म्हणजे तिचं ढालीच्या आकाराचं चिन्ह, 2005 पर्यंत नारिंगी-काळी होती आणि तिच्यावरची अक्षरं तिरकी खाली उतरत होती. 2005 मध्ये ती चंदेरी-काळी झाली, अक्षरं वर चढू लागली. 2007-08 मध्ये रीबॉकच्या नव्या ‘एज’ जर्सी आल्या आणि ढाल गळ्याच्या पुढच्या भागी बसली. कुणी ‘1994ची अस्सल’ म्हणून विकतोय आणि गळ्यापाशी चंदेरी ढाल असेल, तर पुढे बोलायची गरज नाही. जाहिरातीचंही तसंच. छातीवर जाहिरातीचा तुकडा लावायची मुभा 2022-23 पासून आहे, त्याआधीच्या एनएचएल जर्सीवर तो दिसता कामा नये.

प्रश्न : लिलावात 1970च्या दशकातली टोरंटो मेपल लीफ्सची जर्सी आहे. पाठीवर आकडा आहे, नाव नाही. नाव उसवलेलं असेल का?

बहुधा नव्हतंच. 1977-78 च्या हंगामात लीगने नावं सक्तीची केली. त्याआधीची जर्सी बिननावाची असेल तर काळजीचं काही नाही, उलट नाव असेल तर चौकशी करा.

टोरंटोची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. संघाचे मालक हॅरॉल्ड बॅलर्ड यांना ही सक्ती बिलकूल मान्य नव्हती. पाठीवर नाव दिसलं तर खेळाडूंची यादी छापलेली पुस्तिका कोण विकत घेणार, हे त्यांचं दुखणं. लीगने दंडाची धमकी दिली. तेव्हा फेब्रुवारी 1978 मध्ये शिकागोतल्या सामन्याला त्यांचे खेळाडू उतरले ते निळ्या जर्सीवर निळ्याच अक्षरांत नावं लावून! सक्ती पाळली आणि कुणाला वाचताही आलं नाही. पुढे मुकाट्याने पांढरी अक्षरं आली. तशी निळ्यावर निळी जर्सी कुठे दिसलीच, तर मला आधी कळवा.

उसवलेलं नाव ओळखायचं असेल तर पुन्हा तेच, जर्सी उलटी करा. सुईची भोकं रांगेत दिसतात, आणि झाकलेलं कापड भोवतालच्या कापडाइतकं विटलेलं नसतं. उजेडासमोर धरली की जुन्या नावाची सावली सरळ वाचता येते.

जाता जाता : ‘पांढरी म्हणजे बाहेरगावची’ हे समीकरण जुन्या जर्सीला लावू नका. 1970-71 ते 2002-03 यजमान संघच पांढऱ्यात खेळायचा. 2003-04 पासून उलट झालं.

प्रश्न : ‘गेम-वॉर्न’ (सामन्यात घातलेल्या) जर्सीवर काळे डाग आहेत. विक्रेता म्हणतो पकचे. विश्वास ठेवू का? धुतली तर जातील का?

धुवायचं नाव काढू नका! ते डाग हाच तुमचा पुरावा आहे.

पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती चपटी चकती, रबराचा असतो, त्यामुळे तो घासला की काळपट, कडेला पुसट होत जाणारा ओरखडा उठतो. स्टिकच्या टेपचे डाग बहुधा बाह्यांवर आणि पोटाशी असतात. रिंकच्या कठड्यावर आपटल्याने तिथला रंग खांद्याला लागतो. संघाच्या माणसाने घाईत घातलेले टाके तर मला सगळ्यात प्रिय. पांढऱ्या बाहीवर हाताला लागेल त्या काळ्या दोऱ्याने शिवलेलं असतं, कारण दोन पिरिअडच्या मध्ये रंग जुळवत कोण बसणार? फसवणारा नेमका इथे चुकतो. तो डाग सगळीकडे सारखे पाडतो आणि रफू सुबक करतो.

तरीही नुसते डाग पुरत नाहीत. खरी कसोटी फोटो जुळवण्याची. जाळीच्या कापडावर चिन्ह किंवा आकडा शिवताना त्याचं टोक जाळीच्या कुठल्या छिद्रावर येतं हे दर जर्सीत थोडं वेगळं असतं. सामन्याचा स्पष्ट फोटो घ्यायचा आणि ती जागा, ते टाके, तो ओरखडा एकेक करून ताडून बघायचा. संघ हंगामात जर्सींचे दोन-तीन संच वापरतात आणि पुष्कळदा आतल्या पट्टीवर संचाचा क्रमांक आणि वर्ष असतं. तेव्हा कुठल्या महिन्यांतले फोटो चाळायचे तेही कळतं. विक्रेत्याने पत्र दाखवलं तर ते कुणाचं आहे बघा. संघाचं किंवा संघाबरोबर काम करणाऱ्या प्रमाणन संस्थेचं असेल तर उत्तम. ‘माझ्या काकांना खेळाडूने दिली’ एवढंच असेल, तर ती गोष्ट म्हणून ऐकावी.

खरंच कुणी दिलेली असते, हेही आहेच. 28 सप्टेंबर 1972 ला मॉस्कोत, सोव्हिएत संघाविरुद्धच्या मालिकेतल्या शेवटच्या सामन्याची 34 सेकंदं उरलेली असताना कॅनडाच्या पॉल हेंडरसनने निर्णायक गोल केला. अंगातली जर्सी त्याने पुढे संघाच्या ट्रेनरला देऊन टाकली. 2010 च्या लिलावात तिला बारा लाख डॉलरहून अधिक मिळाले. मात्र त्या जर्सीचा प्रवास हातोहात सांगता येतो. तुमच्या काकांचा सांगता येतो का, ते विचारा.

प्रश्न : लाडका खेळाडू दुसऱ्या संघात गेला. नाव काढून नव्याचं लावू का?

लावू नका. गोंदाची खूण जात नाही, ट्विलखालचं कापड चमकत राहतं आणि जर्सी धड याचीही राहत नाही, धड त्याचीही. वेन ग्रेट्स्की ऑगस्ट 1988 मध्ये एडमंटनहून लॉस एंजलिसला गेला. एडमंटनमधली शोककळा विचारू नका. त्या दिवशी रागाने ज्यांनी त्याचा 99 हा आकडा उसवला असेल, ते आज काय म्हणत असतील?

प्रश्न : 50 आणि 52 या मापांमध्ये गोंधळ आहे. छाती मोजून घेऊ का?

त्या आकड्यांना छातीचे इंच समजू नका. ढोबळमानाने 46 स्मॉल, 50 मीडियम, 52 लार्ज, 54 एक्स्ट्रा लार्ज. एमआयसी खांद्यावरच्या पॅडसाठी बेतलेली असते, ती अंगावर घालायची असेल तर एक माप खाली घ्या. गोलरक्षकाच्या बेताची असेल (मापापुढे ‘जी’ असतो), तर तिच्यात तुम्ही आणि तुमचा भाऊ दोघे मावाल.

प्रश्न : नेहमी वापरायची जर्सी धुवायची कशी, ठेवायची कशी?

उलटी करून, थंड पाण्यात, हलक्या साबणाने, आणि पिळायची नाही. ड्रायरच्या उष्णतेने ट्विलखालचा गोंद सुटतो आणि आकड्याला फोड येतात, एकदा आले की इस्त्रीनेही बसत नाहीत. सावलीत आडवी पसरून वाळवा. बारीक तारेच्या हँगरवर महिनोन्महिने टांगू नका, चिन्हाच्या वजनाने खांदे ओघळतात. घडी घालताना घडीची रेघ चिन्हावरून जाऊ देऊ नका, मध्ये जुनी सुती चादर ठेवा. भिंतीवर चौकटीत लावणार असाल तर उन्हाच्या समोरची भिंत सोडून. माझ्या एका लाल जर्सीची डावी बाही आता गुलाबी झाली आहे, खिडकी डावीकडे होती.