आरएक्स १०० ड्रॅगसाठी करायची? पोर्टिंगच्या आधी क्रँक उघड

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की फोंड्याला घरी काकांची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल पडून आहे, ती ४०२ मीटरच्या ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी, तयार करायची, तर पोर्टिंग (सिलिंडरची भोकं, म्हणजे पोर्ट, घासून मोठी करणं), मोठा कार्ब्युरेटर आणि एक्स्पान्शन चेंबर (ताकद वाढवणारा खास आकाराचा एक्झॉस्ट) एवढ्यावर भागेल का? नाही भागणार. ही तिन्ही कामं कर, पण शेवटी. आधी इंजिन खाली घे आणि क्रँक, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा, बाहेर काढ.

या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी आणि स्ट्रोकही (पिस्टनची चाल) ५० मिमी, म्हणून ९८ सीसी. कंपनीचे ११ हॉर्सपॉवर ७५०० आरपीएमला (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना) मिळतात. टू-स्ट्रोकमधून जास्त ताकद हवी तर मुख्यतः आरपीएम वाढवावे लागतात. एक्झॉस्ट पोर्ट वर उचलला, त्याला जुळणारा आखूड चेंबर लावला की इंजिन ११,००० कडे धावतं. ७५०० वरून ११,००० ही वाढ दीडपटसुद्धा नाही. पण पिस्टन आणि रॉड मागेपुढे हिसडण्याचा भार आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो दुपटीच्या वर जातो. आणि तो झेलणारी पिन, रॉडच्या खालच्या टोकाचं बिग एंड बेअरिंग, पिन धरणारे वेब, सगळं रोज कामावर नेणाऱ्या गाडीच्या हिशेबाने केलेलं आहे.

हे मी माझ्या पहिल्या इंजिनावर शिकलो. बोअरवर दोन महिने घालवले, क्रँक हाताने फिरवून 'ठीक आहे' म्हणून तसाच बसवला. तिसऱ्या लाँचला, म्हणजे उभ्या गाडीवरून सुटताना, क्लच सोडला आणि गाडी सरळ गेली, पण आवाज बदलला. या इंजिनाचा क्रँक एकसंध नसतो, दोन अर्ध्या भागांत पिन दाबून बसवलेली असते. क्लच एकदम पकडतो तेव्हा गिअरची बाजू अडते, मॅग्नेटच्या बाजूचं जड चाक मात्र फिरतच राहू पाहतं, आणि पिन वेबमध्ये किंचित सरकते. किंचितच, पण तेवढ्याने दोन्ही टोकं एका रेषेत राहत नाहीत. मॅग्नेट डुगडुगतो, ठिणगीचं टायमिंग हलतं, मग ऑइल सील कडेला झिजून बाहेरची हवा ओढायला लागतं. मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी पडतं) आणि पिस्टन बोअरला धरतो. मी कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) बदलत बसलो होतो, आणि दुखणं होतं पिनेत.

म्हणून नवा रॉड-पिन संच, क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून, डायल गेज (वाकडेपणा मोजणारं घड्याळ) लावून दोन्ही टोकांचा वाकडेपणा ०.०३ मिमीच्या आत, आणि मगच पिनेला वेल्ड. वेल्ड आधी केलास तर वाकडेपणा कायमचा बसला. हे काम गॅरेजमध्ये करू नकोस. मालीमच्या ट्रॉलरचे शाफ्ट सरळ करणारे जुने लेथवाले आहेत ना, तसा माणूस शोध. त्यांच्या हाताला सरळ-वाकडं कळतं.

आता पोर्टिंग. पोर्ट जितका उंच, तितका पॉवरबँड (ताकद मिळते तो आरपीएमचा पट्टा) वरचा आणि अरुंद. तुझ्याकडे गिअर फक्त चार. समज, ताकद ८५०० ते ११,००० मध्येच आहे आणि गिअर टाकल्यावर आरपीएम तिसऱ्या हिश्शाने पडले, तर तू ७३०० वर आलास, जिथे इंजिनात जीवच नाही. कागदावर दोन हॉर्सपॉवर कमी असलेलं, पण रुंद बँडचं इंजिन अशा गाडीला पुढे काढतं. पोर्ट एकदम खरवडू नकोस. धातू काढता येतो, परत लावता येत नाही.

बोअर मोठा करण्याआधी ज्या स्पर्धेत उतरायचं तिची नियमावली वाच. आरएक्स १३५ चा ५८ मिमीचा बोअर त्याच ५० मिमी स्ट्रोकवर १३२ सीसी देतो, पण मग तुझा वर्ग बदलू शकतो.

लाँचबद्दल सगळे कमी बोलतात, आणि रेस तिथेच जाते. पहिल्या १८ मीटरमध्ये गेलेला वेळ पुढे कितीही ताकद असली तरी भरून येत नाही. क्लचला कडक स्प्रिंग आणि नव्या प्लेटा हव्यातच. स्विंगआर्म लांबवला की पुढचं चाक कमी उचलतं, कारण गाडीचं वजन मागच्या चाकाच्या जास्त पुढे येतं. पण फार लांबवलास तर मागच्या टायरवर भार कमी पडून तो घसरतो. थोडं थोडं वाढवत जा आणि प्रत्येक वेळी फक्त एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

आपल्या हवेचं वेगळं सांगावं लागतं. गोव्यात समुद्रसपाटीला, मे महिन्याच्या दमट उकाड्यात बसवलेलं जेटिंग वर घाटावर चालत नाही. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा झाल्या आहेत. साधारण ६०० मीटर उंचीला हवा पाच-सहा टक्के विरळ असते, म्हणजे इथलाच जेट तिथे रिच (पेट्रोल जास्त) होईल. सोबत लहान जेट ने आणि प्लगचा रंग बघून ठरव. उलटं कधी करू नकोस, वरचं जेटिंग खाली आणून फुल थ्रॉटल दिलास तर पिस्टन जाईल.

पावसाळ्यात इंजिन उघडं ठेवू नकोस. खाऱ्या दमट हवेत मेन बेअरिंगवर गंजाचे ठिपके येतात, आणि ११,००० वर एक ठिपका पुरतो. चवथीपर्यंत सुटे भाग तेल लावून प्लास्टिकमध्ये बांधून ठेव, जोडणी नंतर कर.

आणि चाचणी बायपासवर रात्री घेऊ नकोस, हे कळकळीने सांगतो. आपल्या रस्त्यांवर गुरं बसलेली असतात, आणि या गाडीचे ब्रेक त्या वेगासाठी केलेलेच नाहीत. सरावाची बंदिस्त जागा मिळेपर्यंत डायनोवर (गाडी जागेवरच ठेवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) काम कर.

क्रँक काढलास की दोन्ही टोकांचं गेजचं रीडिंग मला कळव. त्यावरून जुना क्रँक घ्यायचा की दुसरा शोधायचा ते आपण ठरवू.