खिळ्यांपासून सुरुवात करा

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या कॉलेजात तृतीय वर्षाला व्हर्जिनिया वुल्फची ‘मिसेस डॅलोवे’ ही इंग्रजी कादंबरी लावली आहे. मुलं बहुतेक मराठी माध्यमातली. पहिल्या तासाला लेखिकेचं चरित्र सांगितलं, तर ‘खिशात दगड भरून नदीत उतरलेली बाई’ एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं. आता प्रत्येक पानावर तो मृत्यूच शोधतात. काय करू?
— एक प्राध्यापिका, सातारा जिल्हा

उत्तर : मॅडम, ही चूक मीही बरीच वर्षं केली. जन्म १८८२, मृत्यू १९४१ असं फळ्यावर लिहिलं की पोरांची नजर दुसऱ्या आकड्यावरच अडकते. मग एका वर्षी वडिलांच्या बंद पडलेल्या छापखान्यातले मूठभर खिळे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे धातूचे ठसे, रुमालात बांधून वर्गात नेले. उलटी अक्षरं वाचताना मागच्या बाकावरचेसुद्धा पुढे आले. तेव्हा सांगितलं, की १९१७ साली वुल्फ नवराबायकोनं छपाईचं छोटं हातयंत्र विकत घेतलं आणि लंडनजवळच्या रिचमंडमधल्या घरात जेवायच्या खोलीत मांडलं. नवऱ्याचे, लिओनार्डचे, हात थरथरत, म्हणून खिळे जुळवायचं काम हिच्याकडे. एकदा तिनं ‘एच’ आणि ‘एन’चे खिळे एकमेकांत मिसळून ठेवले. (आमच्याकडे ‘घ’ आणि ‘ध’ मिसळले की वडील दिवसभर कुणाशी बोलत नसत.) पहिल्या पुस्तकात दोघांची एकेक गोष्ट होती, प्रती जेमतेम दीडशे.

हे गंमत म्हणून सांगत नाही. ‘जेकब्ज रूम’पासून, म्हणजे १९२२पासून, तिच्या कादंबऱ्या घरच्याच प्रेसनं काढल्या. प्रकरणं न पाडता जूनमधल्या एकाच दिवसाची कादंबरी लिहायला कुणा प्रकाशकाची मनधरणी करावी लागली नाही. शब्दांपुढे तासन्‌तास उभी राहून काम करणारी ही बाई आधी दिसू दे.

‘संज्ञाप्रवाह’ (पात्राच्या मनात विचार येतील तसे लिहीत जाण्याची रीत) हा शब्द मात्र पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहू नका. पोरं तो पाठ करतात आणि पुस्तक मिटतात. त्याऐवजी विमानाचा प्रसंग मोठ्यानं वाचा. विमान धुरानं आकाशात जाहिरात लिहितंय, रस्त्यावरची माणसं माना वर करून वाचताहेत आणि प्रत्येकाला वेगळीच अक्षरं दिसताहेत. आख्खी कादंबरी त्या पानात आहे. एका वाक्यात आपण एकाच्या मनातून दुसऱ्याच्या मनात कधी शिरलो, तिथे पेन्सिलीनं खूण करायला लावा.

कादंबरीतला पीटर वॉल्श हिंदुस्थानातून परत येतो आणि लेखिकेची आई कलकत्त्यात जन्मली होती, एवढं जाता जाता सांगा. त्यापलीकडे ओढूनताणून भारत आणू नका.

आणि मृत्यू? तो लपवायचा नाही, पण सेप्टिमस येईपर्यंत थांबा. महायुद्धावरून मन मोडून आलेला हा तरुण आणि त्याला न समजलेले डॉक्टर. विश्रांतीच्या नावाखाली लिहिणं-वाचणं बंद करणारे डॉक्टर तिनं स्वतः सोसले होते. आई गेली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तेव्हापासून आजारानं तिची पाठ सोडली नाही, तरी आजारपणांच्या मधल्या काळात एवढं लिहिलं. त्या तासाला घाई करू नका. वर्गात कुणी गप्प झालं, तर तास संपल्यावर त्याच्याशी जरूर बोला.

माझ्या वर्गात त्या दिवशी एकानं विचारलं होतं, “सर, विमानानं नक्की लिहिलं काय होतं?” मी सांगितलं नाही. पुस्तक त्यानं घरी नेलं, ते थेट दिवाळीनंतर परत केलं.