डायल-अपचा एरर नंबर नंतर, आधी मोडेमचा आवाज ऐका

तुम्ही विचारलंय: विंडोज ९८ चा जुना पीसी, आतच बसवलेला ५६के मोडेम (फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडणारं यंत्र), डायल केलं की कधी एरर ६८० तर कधी ६७८, आणि चुकून जोडलं गेलंच तर काही मिनिटांत तुटतं. फोनची वायर फायबरच्या डब्यातून घेतलीय. मग विंडोज पुन्हा टाकू का?

नका टाकू. हे तीनही प्रकार बहुतेक वेळा विंडोजच्या बाहेरचे, लाइनवरचे असतात.

कंट्रोल पॅनेलमधल्या मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये स्पीकरचा आवाज वाढवा, डायल करा आणि नुसतं ऐका. आधी डायल टोन, मग नंबरचे सूर, पलीकडची रिंग, ती कर्कश किरकिर आणि शेवटी शांतता. गाडी कुठे अडली ते कानालाच कळतं. युजरनेम-पासवर्ड तपासला जातो तो किरकिर संपल्यावर. त्याआधीच अडत असेल तर पासवर्ड बदलत बसण्यात काही अर्थ नाही.

६८० म्हणजे डायल टोन मिळाला नाही. मोडेमला बहुधा दोन सॉकेट असतात, 'लाइन' आणि 'फोन'. बाहेरून येणारी वायर 'लाइन'मध्येच हवी. ती बरोबर असेल तर त्याच वायरीला साधा फोन लावून बघा. फोनवर टोन ऐकू येतोय, पण तुटक येतोय? व्हॉइसमेलमध्ये निरोप पडून असला की बऱ्याच लाइनींवर असा टोन येतो आणि मोडेम त्याला टोन मानत नाही. अशा वेळी कनेक्शन टॅबवरची 'वेट फॉर डायल टोन' ही खूण काढा, किंवा अ‍ॅडव्हान्स्डमधल्या एक्स्ट्रा सेटिंग्जमध्ये एटीएक्स३ लिहा (अर्थात रोमन अक्षरांत). मग मोडेम टोनची वाट न बघता थेट नंबर फिरवतो.

६७८ म्हणजे पलीकडून मोडेमने उत्तर दिलं नाही. साध्या फोनवरून तोच नंबर लावा. किरकिर ऐकू आली तर नंबर जिवंत आहे. 'हा नंबर अस्तित्वात नाही' असं ऐकू आलं तर विषयच संपला. हल्ली ही शंका आधी घ्यावी, कारण एओएल या जुन्या अमेरिकन इंटरनेट कंपनीनेसुद्धा आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ ला बंद केली.

आता तुटण्याबद्दल. माझा खरा संशय त्या फायबरच्या डब्यावर आहे. ५६के, म्हणजे १९९८ चं व्ही.९० मानक, एका अटीवर चालतं: पुरवठादाराची बाजू डिजिटल हवी आणि मधल्या वाटेत अ‍ॅनालॉग रूपांतर एकदाच व्हायला हवं. तुमच्या डब्यात आवाज पुन्हा डिजिटल होतो आणि छोट्या पाकिटांमधून जातो. एखादं पाकीट उशिरा आलं तर बोलताना आपल्या लक्षातही येत नाही, मोडेम मात्र ताळ गमावून बसतो. डब्यात कोडेक (आवाज डिजिटल करायची पद्धत) निवडायची सोय असेल तर जी.७११ ठेवा. जी.७२९ सारखा आवाज दाबणारा कोडेक मोडेमच्या कामाचा नाही. शिवाय ५६के चा नाद सोडून मोडेमला व्ही.३४ या आधीच्या मानकावर बांधा, कमाल ३३.६ केबीपीएस. त्याची आज्ञा मोडेमच्या चिपप्रमाणे बदलते, त्यामुळे मॅन्युअल बघावंच लागेल. कमी वेगाची पण टिकणारी जोडणी केव्हाही परवडली.

कॉल वेटिंगही बंद करा, डायलिंग प्रॉपर्टीजमध्ये त्याची सोय आहे. त्या 'बीप'नेही जोडणी तुटते. समांतर फोन कुणी उचलला तरी तेच.

पुढे ६९१ दिसला तर मात्र आनंद माना! लाइन आणि मोडेम दोन्ही ठीक आहेत, फक्त नाव किंवा पासवर्ड चुकतोय. ६५० किंवा ७२० आला तर सर्व्हर टाइप्समध्ये जाऊन नेटवर्कच्या प्रोटोकॉलपैकी फक्त टीसीपी/आयपी ठेवा, नेटब्यूई, आयपीएक्स आणि 'लॉग ऑन टू नेटवर्क' यांवरच्या खुणा काढा. तेवढ्यानेही ७२० हटला नाही तर नेटवर्कमधून डायल-अप अ‍ॅडॉप्टर आणि टीसीपी/आयपी काढून पुन्हा टाका. त्यासाठी विंडोजची सीडी हाताशी असू द्या, फाइली मागतो. ६३३ बहुधा फॅक्सचा एखादा प्रोग्राम पोर्ट धरून बसल्यामुळे येतो, तो आधी बंद करा.

एवढं करूनही तुटत असेल तर अ‍ॅडव्हान्स्डमध्ये लॉगची खूण करा, एकदा जोडून तुटू द्या आणि त्या फाइलच्या शेवटच्या ओळी मला पाठवा. मोडेम कोणत्या कंपनीच्या चिपचा आहे तेही लिहा, म्हणजे व्ही.३४ ची नेमकी आज्ञा शोधता येईल.