आईबाबांना घेऊन तीन रात्रींसाठी मालवणला जायचं आहे: कुठे राहावं, स्कुबा करावं का, आणि एका दिवसात गोवा होईल का?

तुमच्या प्रश्नातलं मला समजलं ते असं: ठाण्याहून निघणार, सोबत सत्तरीचे आईबाबा आणि दहा वर्षांची मुलगी, आई शाकाहारी, तारखा जानेवारी-फेब्रुवारीतल्या पण अजून ठरलेल्या नाहीत. मी कुडाळची. पाहुण्यांना मालवण दाखवणं हे आमच्या घरचं नेहमीचंच काम, त्यामुळे मतं जरा ठाम आहेत.

आधी गोव्याचं. सोडून द्या. मालवण ते पणजी जायला-यायला मिळून पाच-सहा तास गाडीत जातात आणि तिथे पोचून पाहायचं काय, तर समुद्रच. आईबाबांची पाठ धरेल आणि तुमचा मालवणातला एक अख्खा दिवस जाईल.

ठाण्याहून ट्रेनच बरी. मालवणला रेल्वे नाही. कुडाळला उतरा, तिथून साधारण तीस किलोमीटर. कोकणकन्या रात्री ठाण्याला मिळते आणि सकाळी कुडाळला सोडते, वयस्कर माणसांना हीच सोयीची. मांडवी दिवसाची गाडी आहे. मुलीला बोगदे-पूल दाखवायचे असतील तर जाताना नाही, येताना मांडवी घ्या. तुतारीचं तिकीट काढलंत तर तारीख नीट बघा: ती दादरहून मध्यरात्रीनंतर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं तर तिकीट शनिवारचं लागतं. दरवर्षी कोणीतरी फलाटावर उभं राहून कालच्या तारखेचं तिकीट दाखवत असतं. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या पटकन भरतात, तेव्हा त्याच दिवशी काढा. वंदे भारत कुडाळला थांबत नाही, कणकवलीला थांबते. तिथून मालवण जरा लांब पडतं.

कुडाळला एसटी मिळते, पण स्टेशन आणि स्टँड लांब आहेत. सामान आणि म्हातारी माणसं असताना स्टेशनातूनच गाडी ठरवा आणि ड्रायव्हरला धामापूरवरून न्यायला सांगा. वाटेत धामापूरचा तलाव लागतो, विजयनगरच्या काळातला, 1530 सालचा. काठावर भगवतीचं देऊळ आहे, बसायला सावली आहे. रात्रभरच्या प्रवासानंतर अर्धा तास तिथे थांबलात तर आईबाबा ताजेतवाने होतील आणि हॉटेलची खोली मिळायची वेळही होईल.

राहायचं कुठे, यावर सगळे देवबाग सुचवतात. देवबाग सुंदरच आहे, एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. पण तिथे जाणारा रस्ता एकच आणि तोही अरुंद. सुट्टीच्या दिवशी त्यात अडकलात की अडकलात. रात्री-अपरात्री आईबाबांना डॉक्टर लागला तर मालवण गाठावं लागतं. तुमच्यासाठी मी गावातच, चिवला किनाऱ्याजवळ खोली घेईन. दवाखाना, औषधाचं दुकान, बाजार, रिक्षा सगळं हाताशी. सकाळी नशीब असेल तर चिवल्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसेल. तारकर्लीची स्वच्छ वाळू सहा-सात किलोमीटरवर आहे, तिथे संध्याकाळी जाऊन या. खोली तळमजल्यावरची मागा. न्याहारी-निवासाच्या बऱ्याच घरांत लिफ्ट नसते.

आता मुख्य गोष्ट. समुद्राची सगळी कामं सकाळी उरका. हिवाळ्यात सकाळी पाणी शांत असतं, दुपारनंतर वारा धरतो आणि होडी नाचायला लागते. सिंधुदुर्ग किल्ला, स्कुबा, डॉल्फिन बघायला जाणं, सगळं अकराच्या आत. दुपार जेवण-झोपेला ठेवा.

भरती-ओहोटीही बघा. त्यासाठी अॅप लागत नाही. घरात कॅलेंडर असेल तर तिथीची पाऊणपट करा, ती साधारण भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. चतुर्थी असेल तर तीनला भरती, नवाच्या सुमारास ओहोटी. देवबागच्या संगमावरचं सुनामी आयलंड म्हणजे वाळूचा दांडा, तो ओहोटीलाच नीट उघडा पडतो. म्हणून चतुर्थी ते षष्ठीच्या सकाळी तिथे मजा येते, मुलगी घोटाभर पाण्यात खेळेल. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ते फार उतरत नाही. किल्ल्याचं गणित थोडं उलटं आहे: पाणी खूप उतरलं की होडी आणि धक्का यांत अंतर पडतं आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढ-उतार जड जाते. आईबाबांना न्यायचं तर त्या सकाळी पाणी कितपत असेल हे जेटीवर आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा.

सिंधुदुर्ग मात्र चुकवू नका. कुरटे बेटावर 1664 मध्ये महाराजांनी त्याचा पाया घातला आणि 1667 पर्यंत तो उभा राहिला. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरींचं पाणी चहूबाजूंनी समुद्र असून गोडं आहे. होडीवाले परत यायची वेळ बांधून देतात, साधारण तासाभराची. तेवढ्यात तटाची फेरी होत नाही, ती जवळजवळ तीन किलोमीटर आहे. आईबाबांना मंदिरापर्यंत न्या आणि सावलीत बसवा. तुम्ही मुलीला घेऊन थोडा तट चढा. टोपी आणि पाणी सोबत हवंच.

स्कुबा करा, पण काय मिळणार ते समजून. पोहता येत नसलं तरी चालतं, प्रशिक्षक तुम्हाला धरूनच खाली नेतो. पाणी स्वच्छ असण्याची शक्यता याच महिन्यांत जास्त. सर्दी असेल तर पाण्यात उतरू नका, कानाचे हाल होतात. दमा किंवा रक्तदाब असलेल्यांनी तर नाहीच. मुलीचं वय आधी फोनवर सांगा आणि तिला घेतात का ते विचारा. जेटीवर गळ्यात पडणाऱ्या पहिल्या माणसाला होकार देऊ नका. व्हिडिओ, होडी, कपडे बदलायची जागा हे दरात धरलंय का ते विचारून घ्या. परत गोव्यातल्या मोपा विमानतळावरून विमानाने जायचं ठरलं तर स्कुबा शेवटच्या दिवशी ठेवू नका, पाण्यातून वर आल्यावर उड्डाणापर्यंत किमान 18 तास जाऊ द्या.

जेवणाचं. सगळे सुरमई आणि पापलेट मागतात, म्हणून तेच महाग. ताजा बांगडा, पेडवे, लेपो, तिसऱ्या मागून बघा. तिरफळ घातलेला बांगडा इतरत्र तसा लागत नाही. आईंची काळजी करू नका. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, घावणे, नारळाच्या रसातले शिरवाळे, हे सगळं आमच्याकडे रोजचं आहे. फक्त घरगुती खानावळीत सकाळीच सांगून ठेवा, ऐनवेळी मागितलंत तर वरणभात मिळेल. आणि भांडी वेगळी वापरतात का हेही तेव्हाच विचारा, नंतर अवघडल्यासारखं होतं.

तारखा ठरवण्याआधी एक नक्की बघा: आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा. तिची तारीख पंचांगावरून नाही, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि बहुतेक फेब्रुवारीच्या आसपास येते. आंगणेवाडी मसुरे गावात आहे, मालवणपासून जवळच. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईतला निम्मा मालवणी माणूस इथे असतो, ट्रेनला पाय ठेवायला जागा नसते आणि खोली ओळखीतूनही मिळत नाही. जत्रेलाच यायचं असेल तर खुशाल या, पण मग तिकिटाआधी खोली पक्की करा.