आधी टेप काढा, मग लुमेन विचारा

प्रोजेक्टरबद्दल काय अडलंय ते विचारा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, आणि बरीच पत्रं, मेसेज आलेत. सगळ्यांची उत्तरं इथं बसणार नाहीत, म्हणून बहुतेकांना उपयोगी पडतील असे प्रश्न घेतलेत. एक मात्र आधीच सांगतो. जवळपास प्रत्येकानं "किती लुमेनचा घेऊ" असं विचारलंय (लुमेन म्हणजे प्रोजेक्टर एकूण किती उजेड टाकतो त्याचं माप), पण पडदा किती फुटी, प्रोजेक्टर पडद्यापासून किती लांब बसणार आणि हॉलमध्ये उजेड किती, हे फार थोड्यांनी लिहिलंय. ते कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

दादा, आमचं कोल्हापुरात शिवाजी पेठेत तालीम मंडळ आहे. फुटबॉलच्या मॅचेस गल्लीत मोठ्या पडद्यावर दाखवायच्यात. ऑनलाईन १२,००० लुमेनचा प्रोजेक्टर नऊ हजारात दिसतोय आणि दुकानदार ५,००० लुमेनचा लाखाच्या पुढं सांगतोय. एवढा फरक कसा काय?

कारण त्या नऊ हजारवाल्याचा आकडा मोजलेला नाही, नुसता छापलेला आहे. लुमेनच्या आधी आन्सी (ANSI) किंवा आयएसओ (ISO) असं लिहिलंय का ते बघा, या मोजायच्या ठरलेल्या पद्धती आहेत. आन्सी पद्धतीत पांढऱ्या चित्राचे नऊ भाग करून प्रत्येक भागातला उजेड मीटरनं मोजतात, त्याची सरासरी काढून चित्राच्या क्षेत्रफळानं गुणतात, मग तो आकडा येतो. मीटर हाताशी नसेल तरी खोटं पकडायची एक सोपी खूण आहे, मशीन उलटं करून खालची पट्टी वाचायची आणि वॅट बघायचे. खरा ५,००० लुमेनचा प्रोजेक्टर साधारण ३०० ते ४५० वॅट खातो, मग ८०-१०० वॅटच्या डब्यातनं १२,००० लुमेन येणार कुठनं?

आता तुमचं गणित मांडू. पडदा १६ बाय ९ फूट धरला तर १४४ चौरस फूट झाले, ५,००० ला १४४ नं भागलं की चौरस फुटाला ३५ लुमेनच्या आसपास पडतात. डिजिटल थिएटरचं प्रमाण १४ फूट-लँबर्टचं (पडदा किती उजळ दिसतो त्याचं माप) आहे, म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्यावर चौरस फुटाला १४ लुमेन धरा. तुमच्याकडं त्याच्या दुपटीपेक्षा जास्त आहेत, पण थिएटरात अंधार असतो आणि गल्लीत तुमच्या पडद्यासमोर मंडळाचाच हॅलोजन पेटलेला असतो, तो आधी बंद करा, निदान त्याचं तोंड फिरवा. काळा रंग प्रोजेक्टर टाकू शकत नाही, पडद्यावर आधीच जेवढा उजेड आहे तोच तुमचा काळा, हे लक्षात ठेवलं की अर्धी भांडणं मिटतात. आणि संध्याकाळी सहाची मॅच उन्हाळ्यात प्रोजेक्टरवर दाखवायच्या भानगडीत पडू नका. दिवसा सावलीतसुद्धा काही हजार लक्स (चौरस मीटरला पडणारे लुमेन) उजेड असतो आणि तुमच्या पडद्यावर प्रोजेक्टरचे ३७० च्या आसपास, तिथं एलईडी वॉलच भाड्यानं घ्यावी लागते. शिवाय जाहीरपणे मॅच दाखवायला ब्रॉडकास्टरची परवानगी लागते, ती आधी विचारून घ्या म्हणजे ऐनवेळी पडदा उतरवायची पाळी येणार नाही.

सर, मी गडहिंग्लज भागातल्या शाळेत शिक्षिका आहे. शाळेत जुना प्रोजेक्टर आहे, त्याला फक्त व्हीजीए आहे आणि नव्या लॅपटॉपला एचडीएमआय आणि टाईप-सी. कन्व्हर्टर लावला तर चित्र पिवळं येतंय. प्रोजेक्टर गेला का?

नाही ताई, बहुतेक केबल गेलीय. व्हीजीएत लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांच्या तारा वेगळ्या असतात, पहिली पिन लाल, दुसरी हिरवी, तिसरी निळी. चित्र पिवळं म्हणजे निळा पोचत नाही, गुलाबी-जांभळं आलं असतं तर हिरवा आणि निळसर हिरवं आलं असतं तर लाल. केबलचं तोंड उजेडात धरून वरच्या ओळीतली पिन वाकलीय का बघा, वाकली असेल तर चिमट्यानं हळूच सरळ होते. मधल्या ओळीतली एखादी पिन मुळातच नसते काही केबलना, तिला घाबरू नका. आणि दोन्ही बाजूचे स्क्रू पिळा, वर्गात पोरांचा पाय अडकला की तीच केबल ढिली होते.

कन्व्हर्टर चिप असलेलाच लागतो, कारण एचडीएमआय डिजिटल आणि व्हीजीए अ‍ॅनालॉग, नुसती तारांची अदलाबदल करून भागत नाही. प्रोजेक्टर एक्सजीए, म्हणजे १०२४ बाय ७६८ पिक्सेलचा असेल तर लॅपटॉपचं रिझोल्युशन तेवढंच ठेवा, अक्षरं एकदम स्वच्छ होतील. आवाज व्हीजीएतनं जात नाही, त्याला वेगळी वायर. टाईप-सी मधनं काढायचं असेल तर त्या पोर्टमधनं डिस्प्ले निघतो का हे लॅपटॉपच्या माहितीत बघून घ्या, सगळ्याच टाईप-सी मधनं निघत नाही. १९८७ ची ही व्हीजीए अजून शाळाशाळांत काम करतेय, ती फेकून द्यायची काही गरज नाही.

आमचं कळंब्याच्या बाजूला मंगल कार्यालय आहे, त्यात मोठा एसी हॉल करतोय. लग्नाचं लाईव्ह शूटिंग, मुंजी, कंपन्यांचे कार्यक्रम सगळंच होतं. इन्स्टॉलेशन प्रोजेक्टरचं कोटेशन आलंय, त्याच्या मागं एचडीएमआय, डीव्हीआय, एचडीबेसटी, एसडीआय, आरएस-२३२, लॅन एवढं सगळं आहे. कंट्रोल टेबलापासून प्रोजेक्टरपर्यंत केबल ३५ मीटर होईल. पीओपीचं काम सुरू आहे, नक्की कुठल्या केबल टाकून घेऊ?

पीओपी बंद व्हायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. माझं पहिलं सांगणं, दीड-दोन इंची पाईप टाका आणि त्यात ओढायला एक जादा दोरी सोडून ठेवा. प्रोजेक्टर बदलतो, केबलचे प्रकार बदलतात, पाईप राहतो.

आता एचडीएमआय. तांब्याची साधी केबल फुल एचडीला १०-१५ मीटरपर्यंत जाते, ४के ला त्याहून बरीच कमी. ३५ मीटरला ती टाकलीत तर ट्रायलला चालेल आणि लग्नाच्या दिवशी मंगलाष्टकांच्या मधेच पडदा काळा होऊन दोन सेकंदांनी परत येईल, ही लक्षणं मी अनेक हॉलमध्ये बघितलीत आणि प्रत्येक वेळी दोष प्रोजेक्टरला दिला जातो. ऑप्टिकल, म्हणजे काचेच्या तंतूंतनं सिग्नल नेणारी एचडीएमआय मिळते, ती एवढं अंतर आरामात जाते, पण तिला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. पीओपीच्या आत उलटी गेली तर काहीच दिसणार नाही, म्हणून टाकायच्या आधी जमिनीवर पसरून चालवून बघायची. वायरमननं तिला लाईटच्या वायरसारखी कोपऱ्यात मुडपली की आतली काच गेलीच समजा.

तुमच्यासाठी मुख्य लाईन एचडीबेसटीची करा असं मी म्हणेन. लॅनसारखीच केबल, एका केबलमधनं चित्र, आवाज आणि कंट्रोल तिन्ही, फुल एचडीला १०० मीटरपर्यंत. टेबलाजवळ ट्रान्समीटरचा छोटा डबा लागतो, रिसीव्हर प्रोजेक्टरमध्येच आहे म्हणून तो खर्च वाचला. केबल शील्डवाली कॅट ६ए घ्या आणि आतली तार पूर्ण तांब्याची बघून घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची बाजारात भरपूर आहे. टेबलापासून प्रोजेक्टरपर्यंत सलग एकच लांबी, मधे जोड नको, आणि दिसायला लॅन आहे म्हणून ती इंटरनेटच्या स्विचमध्ये खुपसायची नाही, हे कर्मचाऱ्यांना नीट सांगून ठेवा. डिमरच्या वायरींपासून लांब न्या.

दुसरी लाईन एसडीआयची, म्हणजे व्यावसायिक कॅमेऱ्यांच्या व्हिडिओ वायरची, कारण तुमच्याकडं लग्नाचं लाईव्ह होतं. कॅमेरावाल्यांच्या मिक्सरला एसडीआय आउट असतो, बीएनसी कनेक्टर पिळून लॉक होतो, कुणाचा पाय लागला तरी निघत नाही. ३जी-एसडीआयला फुल एचडी ६० फ्रेम एका वायरमधनं जातं, ३५ मीटर काहीच नाही, फक्त वायर ७५ ओहमची चांगली आरजी-६ घ्या, सीसीटीव्हीची उरलेली बारीक वायर तिथं वापरू देऊ नका. एक गोष्ट, एसडीआयमध्ये कॉपी प्रोटेक्शनची, म्हणजे एचडीसीपीची सोय नसते, त्यामुळं ओटीटीवरचं काही त्या वाटेनं दाखवायला गेलात तर पडदा काळाच राहील, ते एचडीबेसटीच्या लाईनवरनंच.

आरएस-२३२ नऊ पिनी असतो, तिथं व्हीजीए बसवायला जाऊ नये. तो आणि लॅन दोन्ही कंट्रोलसाठी. प्रोजेक्टर वीस फुटांवर लटकला की रिमोट दाखवत हॉलभर फिरावं लागतं, त्यापेक्षा एक लॅनची केबल टाका, पीजेलिंक (लॅनवरनं प्रोजेक्टर चालवायची सामाईक पद्धत) असेल तर कुठल्याही कंपनीचा प्रोजेक्टर टेबलावरच्या कॉम्प्युटरवरनं चालू-बंद करता येतो, इनपुट बदलता येतो. डीव्हीआय सोडून द्या, तुम्हाला लागणार नाही.

आणि अर्थिंग! मिक्सर, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर एकाच फेजवर, एकाच अर्थिंगवर ठेवा. टेबल एका फेजवर, प्रोजेक्टर एसीच्या फेजवर, त्यात जनरेटर सुरू झाला, की स्पीकरमध्ये घूं आवाज आणि पडद्यावर वर सरकणारे पट्टे येतात, नशीब वाईट असेल तर एचडीएमआय पोर्टच जळतो. मल्टीमीटरनं न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज बघा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी वायरमनला बोलवा. एवढ्या महागड्या मशीनला ऑनलाईन यूपीएस हवाच.

कोटेशनमध्ये अजून एक तपासा. एका चिपचा डीएलपी (बारीक आरशांच्या चिपनं चित्र बनवणारा) असेल तर त्यात रंगीत चाक फिरतं आणि बऱ्याच मशीनमध्ये त्या चाकाला एक पांढरा भाग असतो, त्यानं पांढऱ्याचे लुमेन वाढतात पण रंगांचे नाहीत. म्हणून पांढऱ्याचे आणि रंगाचे लुमेन वेगवेगळे विचारा. तुमच्या हॉलमध्ये हळद होणार, पिवळा शालू मातकट दिसला तर नवरीकडची मंडळी ऐकून घेणार नाहीत. डेमोला कंपनीचा फुलाफळांचा व्हिडिओ बघू नका, तुमच्याच एखाद्या लग्नाचं शूटिंग पेनड्राईव्हवर घेऊन जा.

आमचा हौशी नाटकाचा ग्रुप आहे. नेपथ्याला मागं प्रोजेक्शन वापरायचंय पण समोरून टाकलं की नटांच्या सावल्या पडतात. पडद्यामागं ११ फूट जागा आहे आणि चित्र १६ फूट रुंद हवं.

बाबुराव पेंटरांनी मूकपटांच्या काळात या गावात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि कॅमेरासुद्धा इथंच बनवला. त्या कोल्हापुरात एवढ्याशासाठी नाटक अडायला नको. मागनं टाका.

थ्रो रेशो म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी. ११ भागिले १६ म्हणजे ०.६९ येतो, त्यातनं मशीनची स्वतःची लांबी आणि मागं हवेला जागा दोन-तीन फूट वजा करा, म्हणजे तुम्हाला ०.५ च्या आसपासची शॉर्ट थ्रो लेन्स लागते. नेहमीचा १.५ वाला आणलात तर २४ फूट मागं जावं लागेल. भाड्यानं घेताना एक काळजी घ्या, मोठ्या प्रोफेशनल मशीनला लेन्स वेगळी येते, त्यामुळं मशीनबरोबर लेन्सचा रेशो सांगूनच बुकिंग करा, नाहीतर प्रयोगाच्या दिवशी भलतीच लेन्स येते.

मेनूत रिअर निवडलं की चित्राची डावी-उजवी बाजू उलटी होऊन प्रेक्षकांना सरळ दिसतं. पडदा मात्र रिअर प्रोजेक्शनचाच घ्या, साधं पांढरं कापड लावलं तर मधोमध लेन्सचा भगभगीत ठिपका दिसत राहतो. आणि चित्र वरखाली करायला लेन्स शिफ्ट वापरा, कीस्टोन नको. लेन्स शिफ्टमध्ये लेन्सच सरकते, चित्र तसंच राहतं. कीस्टोन चित्र दाबून चौकोनी करतो, त्यात पॅनलचे कितीतरी पिक्सेल वाया जातात, मराठी अक्षरांची शिरोरेषा बघा, तिच्या पायऱ्या झालेल्या दिसतात.

लॅम्पचा घेऊ का लेझरचा?

रोज चालणार असेल तर लेझर. लॅम्प दोन ते चार हजार तास जातो, लेझर साधारण २०,००० तासांनी निम्म्या उजेडावर येतो. वर्षातनं दहा-वीस कार्यक्रम असतील तर चांगला जुना लॅम्पवालाही चालेल, फक्त कार्यक्रम संपला की थेट बटण बंद करू नका, फॅन थांबेपर्यंत थांबा. फिल्टर असेल तर दोन्हीचा साफ करावा लागतो.

मिरवणुकीत लेझर लाईटवर बंदीचा आदेश निघतो. मग आमच्या देखाव्यातला लेझर प्रोजेक्टरपण त्यात येतो का?

ती दोन वेगळी यंत्रं आहेत. मिरवणुकीतल्या लेझरचा बारीक झोत तसाच हवेत सुटतो, तो डोळ्यात गेला तर डोळ्याच्या आतला पडदा भाजू शकतो आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याचा सेन्सरही जातो. लेझर प्रोजेक्टरमध्ये बहुतेक वेळा निळा लेझर आत फॉस्फरच्या चाकावर पडतो, त्यातनं पिवळा प्रकाश निघतो, आणि सगळा मिळून लेन्समधनं पसरून बाहेर येतो. पण तोंडी भरवसा ठेवू नका, आदेशाची प्रत आणि तुमच्या मशीनचं माहितीपत्रक घेऊन पोलीस स्टेशनला आधीच दाखवा. बसवताना मात्र सावध राहा, मोठ्या मशीनवर आरजी३ (डोळ्यांना सगळ्यात जास्त धोक्याचा गट) असा शिक्का असेल तर त्याच्या समोर ठरावीक अंतरात कुणाचंच डोकं येता कामा नये, ते अंतर मॅन्युअलमध्ये लेन्सप्रमाणे दिलेलं असतं. देखाव्यात लहान पोरं पुढं उभी राहतात आणि वाकून लेन्समध्ये बघतात, म्हणून मशीन उंचावर घ्या आणि पुढं बांबूचं बॅरिकेड बांधा.