लाइटहाउसमध्ये १०० गुण असूनही साइट वापरता का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साइट बनवून दिली, लाइटहाउसमध्ये (साइट आपोआप तपासणारं गूगलचं टूल) ॲक्सेसिबिलिटीला, म्हणजे अपंग व्यक्तींनाही साइट वापरता येण्याला, १०० पैकी १०० आले, एचटीएमएल व्हॅलिडेटरलाही (पानाच्या कोडमधल्या चुका शोधणारं टूल) एकही एरर सापडली नाही. तरी क्लायंटकडचे एक अंध कर्मचारी म्हणतात की फॉर्म भरताच येत नाही. हे कसं, आणि आता एखादं ॲक्सेसिबिलिटी प्लगिन टाकून भागेल का?

ते कर्मचारी सांगतात तेच खरं धरा. मी फ्रंटएंडचं काम करतो, इतरांच्या साइटही तपासून देतो, आणि शंभर गुण मिळवून कीबोर्डवर अडकणाऱ्या साइट सर्रास बघतो. लाइटहाउस यंत्राला कळतील तेवढेच नियम तपासतं. इमेजला ऑल्ट (चित्राऐवजी वाचून दाखवायचा मजकूर) आहे की नाही हे त्याला कळतं. त्या ऑल्टमध्ये नुसतं 'फोटो १' लिहिलंय की चित्रात काय आहे ते सांगितलंय, हे कळत नाही. खरी गोम तर पुढेच आहे. तुम्ही डिव्हवर (एचटीएमएलमधला नुसता रिकामा डबा) क्लिक हँडलर लावून बटन बनवलं असेल, तर लाइटहाउसच्या लेखी ते बटनच नाही, साधा मजकूर आहे. मजकुराला बटनाचे नियम लागत नाहीत, म्हणून दोषही निघत नाही. रिपोर्टमध्ये हाताने तपासायच्या गोष्टींची वेगळी यादी दिलेली असते, ती मिटलेली असते आणि बहुतेक जण ती उघडतच नाहीत.

व्हॅलिडेटरचंही तसंच. मोडकं मार्कअप कसं वाचायचं हे एचटीएमएल५ ने ठरवून दिलं, त्यामुळे सगळे ब्राउझर ते एकसारखंच सावरून घेतात. म्हणूनच २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ (वेब ॲक्सेसिबिलिटीच्या मार्गदर्शक निकषांची आवृत्ती) मधून पार्सिंगचा, म्हणजे मार्कअप बिनचूक असण्याचा, जुना निकष काढून टाकला गेला. तरी व्हॅलिडेटर चालवत जा. एका पानावर दोन इनपुटना एकच आयडी असेल तर लेबल पहिल्याला चिकटतं आणि दुसरं बिननावाचं राहतं, असल्या चुका तो लगेच दाखवतो.

आता माउस बाजूला ठेवा आणि तो फॉर्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस, बाण आणि एस्केप एवढ्यावर भरून बघा. सध्या आपण कुठे आहोत हे प्रत्येक क्षणी दिसतंय का? दिसत नसेल तर कुणीतरी सीएसएसमध्ये आउटलाइन नन करून फोकसची (कीबोर्ड सध्या जिथे आहे त्या जागेची) चौकट घालवलीय. ते काढा, आणि डिझायनरला माउसच्या क्लिकवर येणारी चौकट खुपत असेल तर फोकस-व्हिजिबल वापरा. मोडल (पानावर उघडणारी छोटी खिडकी) उघडल्यावर फोकस आत जातो का, एस्केपने मोडल बंद होतं का, बंद झाल्यावर फोकस उघडणाऱ्या बटनावर परत येतो का, हेही बघा. निम्म्याहून जास्त दुखणी इथेच सापडतील, असा माझा अनुभव आहे.

तुम्हाला सापडेल ते बहुधा हेच डिव्हचं बटन असेल, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. खरा बटन टॅग लिहिला की ब्राउझर तुम्हाला बरंच काही फुकट देतो: टॅबने त्यावर जाता येतं, एंटर दाबताक्षणी आणि स्पेस सोडल्यावर ते चालतं, डिसेबल्ड केलं की सगळ्या बाजूंनी बंद होतं, फॉर्ममध्ये सबमिट होतं, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम) त्याचं नाव घेऊन पुढे 'बटन' म्हणतो. डिव्हने हे करायचं तर टॅबइंडेक्स लावा, रोल लावा, दोन्ही किल्ल्यांचे हँडलर लिहा, डिसेबल्डची अवस्था स्वतः सांभाळा, आणि एवढं करून काहीतरी सुटतंच. रोल बटन लिहिलं म्हणजे बटन झालं, असं खूप जण समजतात. आरिया, म्हणजे रोलसारखे ॲक्सेसिबिलिटीचे जोडगुणधर्म, फक्त सांगतं, करत काहीच नाही. स्क्रीन रीडर 'बटन' म्हणणार, माणूस स्पेस दाबणार, आणि काहीच होणार नाही. म्हणून आरियाचा पहिला नियमच असा आहे की एचटीएमएलमध्ये तयार घटक असेल तर तोच वापरा. बटनाची ब्राउझरने दिलेली शैली आवडत नाही म्हणून डिव्ह वापरण्यात काही अर्थ नाही. सीएसएसच्या चार ओळींत ती शैली जाते.

मग स्क्रीन रीडर लावा. विंडोजवर एनव्हीडीए मोफत आहे आणि ओपन सोर्स आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं, आणि ते स्वतः अंध आहेत. मॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतो, अँड्रॉइडवर टॉकबॅक. हेडफोन लावा, स्क्रीन बंद करा आणि तुमचाच फॉर्म ऐका.

शंभर गुणांच्या फॉर्मवर साधारण असं घडतं. पहिल्या फील्डवर गेलात की एनव्हीडीए 'मोबाइल नंबर, एडिट, रिक्वायर्ड' असं काहीतरी बोलतो. ठीक. पुढे तुमचा देखणा ड्रॉपडाउन आहे, पण तो डिव्हचा, म्हणून टॅब त्याच्यावरून उडी मारून थेट पुढच्या फील्डवर. भरणाऱ्याला मध्ये काही होतं हे कळतही नाही. बाणाने एकेक ओळ वाचत गेलं तर 'निवडा' हा शब्द कानावर पडतो; एंटर दाबून यादी उघडली तरी ती उघडल्याचं कुणी सांगत नाही, आणि लायब्ररीने पर्याय पानाच्या अगदी तळाशी नेऊन ठेवलेले असतात. शेवटी सबमिट. पडद्यावर लाल अक्षरांत 'हे फील्ड आवश्यक आहे' उमटतं. कानात शांतता. माणूस पुन्हा सबमिट दाबतो, पुन्हा शांतता, आणि त्याला वाटतं साइटच बंद पडली.

दुरुस्ती अवघड नाही. ड्रॉपडाउनच्या जागी साधा सिलेक्ट ठेवा. बहुतेक फॉर्मना त्याहून जास्त काही लागत नाही. प्रत्येक इनपुटला दिसणारं लेबल द्या आणि फॉर-आयडीने जोडा. प्लेसहोल्डरवर (रिकाम्या फील्डमधला फिकट मजकूर) भागवू नका, टाइप करायला लागलं की तो गायब होतो आणि ज्याचं लक्ष पटकन विचलित होतं त्याला फील्ड कशाचं होतं हेच आठवत नाही. एरर आली की फोकस पहिल्या चुकलेल्या फील्डवर न्या, तिथे आरिया-इनव्हॅलिड लावा आणि एररचा मजकूर आरिया-डिस्क्राइब्डबायने जोडा. मजकूरही नीट हवा: 'अवैध इनपुट' यातून काय बोध घ्यायचा? 'मोबाइल नंबर १० अंकी हवा' असं लिहा. नाव, ईमेल, फोन यांना ऑटोकम्प्लीट द्या. आणि पासवर्डच्या फील्डमध्ये पेस्ट अडवू नका. पासवर्ड मॅनेजरवर अवलंबून असणारा माणूस तिथेच संपतो. लॉगिनच्या वेळी स्मरणशक्तीची परीक्षा घेऊ नये, असा निकषच डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये आला आहे.

हेडिंगबद्दल एकच सांगतो. स्क्रीन रीडर वापरणारे पान वरपासून खालपर्यंत ऐकत बसत नाहीत, 'एच' दाबत हेडिंगवरून हेडिंगवर जातात. अक्षर मोठं हवं म्हणून एच२ आणि लहान हवं म्हणून एच५, असं केलं की त्यांचा नकाशाच बिघडतो. पान मराठी असेल तर एचटीएमएल टॅगवर लँग 'एमआर' आहे ना तेही बघा. थीममधलं 'ईएन' तसंच राहिलं असेल तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या तोंडी जातो.

अंध वापरकर्त्यांपुरता हा विषय नाही. पान ४०० टक्के झूम करून वाचणारे असतात; १२८० पिक्सेलच्या खिडकीत एवढा झूम केला की रुंदी ३२० उरते, आणि तेवढ्यात आडवं स्क्रोल न करता मजकूर वाचता आला पाहिजे. व्ह्यूपोर्टमध्ये झूम बंद केला असेल तर तो आजच्या आज चालू करा. हात थरथरणाऱ्यांसाठी टॅप करायची जागा किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल असावी. साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट ४.५:१ लागतो, आणि पांढऱ्यावर #७७७७७७ हा डिझायनरांचा लाडका राखाडी ४.४८ वर नापास होतो. #७६७६७६ पास होतो. व्हिडिओला कॅप्शन हवेतच.

हे आकडे कुणाच्या मनातले नाहीत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९९ मध्ये डब्ल्यूसीएजीची पहिली आवृत्ती काढली, २००८ मध्ये २.०, २०१८ मध्ये २.१ आणि मग २.२. यांतल्या २.० ला २०१२ मध्ये आयएसओ मानकाचा दर्जाही मिळाला. ए, एए आणि एएए अशा तीन पातळ्या आहेत. तुम्ही एए धरून चाला.

प्लगिनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: टाकू नका. ते तुमच्या पानावर वरून एक स्क्रिप्ट चढवतं. अक्षर मोठं करायची, रंग बदलायची सोय ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीच असते आणि ज्याला गरज आहे त्याने ती स्वतःला हवी तशी लावून घेतलेली असते. तुमचा डिव्हचा ड्रॉपडाउन उघडलाय की मिटलाय, कुठल्या फील्डची एरर कुठली, हे त्या स्क्रिप्टने अंदाजाने ठरवायचं, आणि अंदाज चुकला की असलेली साइटही वापरता येईनाशी होते. त्याच पैशांत त्या कर्मचाऱ्यांचा एक तास मागा, योग्य मोबदला देऊन. कोणता स्क्रीन रीडर, कोणता ब्राउझर, नेमकं कुठे अडलं, हे त्यांच्या शेजारी बसून बघा. मध्ये बोलू नका.

दुरुस्तीला हात घालताना पानं एकेक करून घेऊ नका. बटन, इनपुट, ड्रॉपडाउन, मोडल हे कंपोनंट आधी नीट करा, कारण तेच सगळीकडे पसरलेले असतात आणि एका जागी सुधारले की साइटभर सुधारतात. ॲक्ससारखं ॲक्सेसिबिलिटी आपोआप तपासणारं टूल बिल्डमध्ये बसवा, म्हणजे सुधारलेलं पुन्हा मोडलं तर मर्ज होण्याआधी कळेल. आणि पुढच्या प्रोजेक्टला कंपोनंट लायब्ररी निवडताना तिच्या डेमो पानावरच माउस सोडून टॅब दाबत फिरून बघा. ती घ्यायची की नाही हे बहुधा दहा मिनिटांत ठरतं.