एक डॉलरची म्हैस, ११८० डॉलरचा चारा

एडिसन, न्यू जर्सीहून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडं कापून देतो. नवख्यांसाठी आधी एवढंच: टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमधल्या एका जागेचा वर्षातला एक आठवडा विकत घेणं, त्याचा देखभालखर्च (मेंटेनन्स) दरवर्षी वेगळा. रीसेल म्हणजे तोच आठवडा जुन्या मालकाकडून घेणं. आरसीआय आणि इंटरव्हल या मालकांचे आठवडे आपसात बदलून देणाऱ्या कंपन्या.

"सर, फेब्रुवारीत मुलांना घेऊन ऑर्लँडोला गेलो होतो. पार्कच्या तिकिटांवर सवलत मिळते म्हणून ९० मिनिटांच्या प्रेझेंटेशनला बसलो, ते सव्वातीन तास चाललं. टाइमशेअरचे २६,००० डॉलर सांगितले. नाही म्हणून उठलो. घरी येऊन शोधलं तर ऑर्लँडोतलाच दोन बेडरूमचा आठवडा रीसेलमध्ये १ डॉलरला! क्लोजिंगचे (कागदपत्रं नावावर करण्याचे) ७५०, मेंटेनन्स वर्षाला १,१८०. दरवर्षी ऑर्लँडोला जायचं नाहीच. आरसीआयमधून एक्स्चेंज करून कधी केप कॉड, कधी हवाई, साताऱ्याहून आई-आबा आले की मोठी जागा, जमलं तर गोवा. दुसरा पर्याय कॅलिफोर्नियात पाम डेझर्टचं लॉक-ऑफ युनिट, २,५०० डॉलर, क्लोजिंग ७००, मेंटेनन्स १,७००, इंटरव्हलमध्ये चालणारं. मी ४१, पत्नी ३८, मुलं १० आणि ७ वर्षांची. दोघंही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, आय-१४० (कंपनीने केलेला ग्रीन कार्डासाठीचा अर्ज) मंजूर, पुढे ग्रीन कार्डाची रांग. कार्डाचं कर्ज नाही, ४०१(के) या निवृत्ती खात्यात कंपनी घालते ते मॅच पूर्ण घेतो, हाताशी चार महिन्यांचा खर्च. घ्यावं का?"

उठून आलात ते फार बरं केलंत. रीसेलकडे वळलात हेही शहाणपणाचं. कंपनीकडून घेतलेल्या टाइमशेअरच्या किमतीतला मोठा वाटा त्या सव्वातीन तासांचाच असतो: जाहिरात, कमिशन, फुकटची तिकिटं. रीसेलमध्ये तो गळून जातो. तेव्हा रीसेल की कंपनी, या प्रश्नाचं उत्तर तुम्ही बरोबर काढलंय. माझी अडचण पुढच्या प्रश्नाची आहे.

कोणी एका डॉलरला म्हैस विकत असेल तर आपण आधी विचारतो, चारा किती खाते? हा विक्रेता तुम्हाला सुट्टी विकत नाहीये, दरवर्षीचं ११८० डॉलरचं बिल तुमच्या नावावर करून देतोय. मेंटेनन्स दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढला असं धरा. दहा वर्षांत तुम्ही सुमारे १४,८०० डॉलर भरलेले असाल आणि अकराव्या वर्षीचं बिल १,९२० च्या आसपास असेल. छप्पर गेलं, वादळ आलं, की स्पेशल असेसमेंट, म्हणजे दुरुस्तीची जादा वर्गणी, वेगळी. मी स्वतः २०१२ साली असाच एक किनाऱ्यावरचा आठवडा हौसेनं, जवळपास फुकटात घेतला होता. तिसऱ्या वर्षी बाल्कन्यांच्या दुरुस्तीचे म्हणून साडेनऊशे डॉलर मागणारं पत्र आलं. सुटताना घेणाऱ्याला क्लोजिंग आणि पुढच्या वर्षीचं मेंटेनन्स मीच भरून दिलं. तो तोटा करातही वजा होत नाही, कारण स्वतःच्या वापरासाठी ठेवलेल्या टाइमशेअरवरचं नुकसान आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं करखातं, मान्य करत नाही. बायको अजूनही त्याला 'तुझी इस्टेट' म्हणते.

आता एक्स्चेंज. प्रेझेंटेशनवाले नकाशा दाखवून सांगतात, जगात कुठेही जा. आरसीआय १९७४ पासून आणि इंटरव्हल १९७६ पासून हे काम करतायत आणि व्यवस्था खोटी नाही. पण ती अदलाबदल आहे, आणि अदलाबदलीत तुमच्या टोपलीत काय आहे यावर सगळं ठरतं. तुम्ही आपला आठवडा जमा करता, आरसीआय त्याला ट्रेडिंग पॉवरचा आकडा देतं. तो आकडा रिसॉर्ट, आठवडा, युनिटचा आकार आणि तुम्ही किती आधी जमा केलंत यावर ठरतो. ऑर्लँडोत युनिटं इतकी आहेत की ऑफ-सीझनचा फ्लोटिंग (ठरलेली तारीख नसलेला) आठवडा म्हणजे कोल्हापूरच्या बाजारात गूळ विकायला नेण्यासारखं. समजा त्याला १६ मिळाले. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या जुलैतल्या आठवड्याला समजा ४० लागतात. म्हणजे अडीच वर्षांचे आठवडे, जोडण्याची फी, आणि तो आठवडा कोणीतरी जमा केलेला असला पाहिजे हे वेगळंच. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत. खरा आकडा विक्रेत्याकडून मागा: त्याच्या आरसीआय खात्यातून, याच युनिटचा, त्याला मिळू शकणाऱ्या तीन-चार वेगवेगळ्या आठवड्यांचा स्क्रीनशॉट. मग मेंटेनन्सला त्या आकड्याने भागा. ट्रेडिंग पॉवरच्या एका गुणाला ७४ डॉलर पडतात की २५, हे कळल्याशिवाय बोलणं म्हणजे पाण्यात म्हैस, बाहेर मोल. 'पाच-तारांकित आहे, कुठेही ट्रेड होतं' एवढंच उत्तर आलं तर संभाषण तिथेच संपवा.

दुसरी गोष्ट तुमच्या मुलांच्या शाळेची, आणि मला वाटतं तुमचं उत्तर खरं इथेच आहे.

एक्स्चेंज कोणाला लाभतं? ज्यांना मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मंगळवारी ठरवून शुक्रवारी निघता येतं त्यांना. निवृत्त जोडपी यात राजा असतात. इंटरव्हलमध्ये चेक-इनला ५९ दिवस उरले की फ्लेक्सचेंज, म्हणजे उरलेल्या जागांची ऐनवेळची अदलाबदल, सुरू होतं, तेव्हा साध्या स्टुडिओवर दोन बेडरूमची जागा मिळून जाते. तुम्हाला मात्र नाताळ, ईस्टरची सुट्टी आणि जुलै लागणार, आणि ते सगळ्यांनाच लागतं.

तरी न्यू जर्सीकरांना दोन चोरवाटा आहेत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षक संघटनेच्या अधिवेशनामुळे आपल्या शाळांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते, तेव्हा बाकीच्या देशाच्या शाळा चालू असतात. डिस्नीवाले त्याला 'जर्सी वीक' म्हणतात ते उगाच नाही. दुसरी, ऑगस्टचे शेवटचे दहा-बारा दिवस. फ्लोरिडा-जॉर्जियाची मुलं ऑगस्टच्या मध्यापर्यंत वर्गात बसलेली असतात, आपली लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार). या दोन वेळांना दक्षिणेकडे एक्स्चेंज सहज मिळेल.

पण गंमत अशी की नेमक्या याच वेळी तीच जागा भाड्यानेही स्वस्त असते. रेडवीकसारख्या संकेतस्थळावर मालक आपला आठवडा भाड्याने देतात, आणि मागणी नसलेल्या काळात बऱ्याचदा मेंटेनन्सच्याही खाली देतात. त्यांचं बिल तर भरून झालेलंच असतं. आता तुमचा हिशेब मांडा: मेंटेनन्स १,१८०, आरसीआयची सभासद-वर्गणी सुमारे १००, एक्स्चेंज फी ३०० च्या घरात. आठवडा १,५८० ला, रात्र २२५ ला पडली, रिसॉर्ट फी धरलेलीच नाही. जेव्हा एक्स्चेंज सोपं, तेव्हा भाडं स्वस्त. जेव्हा भाडं महाग, तेव्हा एक्स्चेंज मिळत नाही. शाळेत जाणारी मुलं असलेल्या घराला या दोन्हींच्या मधली फट फार अरुंद आहे. ऑर्लँडोच्या आठवड्याला माझं उत्तर सरळ नाही.

पाम डेझर्टचं प्रकरण वेगळं आहे, ते मी एका फटक्यात उडवणार नाही. लॉक-ऑफ म्हणजे मधलं दार कुलूपबंद केलं की एका घराची दोन घरं: एक बेडरूमवाला भाग आणि स्टुडिओ. दोन्ही स्वतंत्रपणे जमा करता येतात, म्हणजे एका मेंटेनन्सवर दोन आठवडे. मेंटेनन्स १,७००, दोन एक्स्चेंजचे ५००, वर्गणी आणि दार तोडण्याची (म्हणजे युनिट विभागण्याची, घाबरू नका) फी मिळून २००. आठवड्याला १,२०० झाले. सुरुवातीचे ३,२०० दहा वर्षांवर पसरले तरी १,३६०, रात्रीला १९५. ते युनिट मॅरियटसारख्या साखळीचं असेल तर इंटरव्हलमध्ये त्याच साखळीच्या मालकांना बाहेरच्यांच्या आधी काही काळ पहिली निवड मिळते, आणि एक्स्चेंजची खरी मजा तिथे आहे. टाइमशेअर कोळून प्यायलेली मंडळी अशीच युनिटं शोधत असतात.

फक्त मला सांगा, वर्षाला दोन आठवडे तुम्ही काढणार कुठून? ज्या वर्षी साताऱ्याला जाता त्या वर्षीची रजा तिथेच संपते. जमा केलेला आठवडा साधारण दोन वर्षांत वापरावा लागतो, मुदत वाढवायची तर पुन्हा पैसे. स्टुडिओ तुम्हा चौघांना एरवी पुरणार नाही, आणि फ्लेक्सचेंजने मोठी जागा मिळवायची तर पुन्हा शाळा आडवी येते. आई-आबांना एकटंच पाठवाल तर गेस्ट सर्टिफिकेटचे (तुमचा आठवडा दुसऱ्याच्या नावे करण्याचे) पैसे वेगळे. म्हणजे कागदावर १९५ ची रात्र तुमच्या घरात अडीचशेवर कधी जाईल कळणारही नाही.

आणि आता ज्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते. दोघंही एच-वन-बीवर. नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा देश सोडायला हाताशी जास्तीत जास्त ६० दिवस. डीडेड (खरेदीखत करून घेतलेला) टाइमशेअर बहुधा कायमचा असतो, त्याला मुदत नाही. उद्या पुण्याला परतायची वेळ आली तर घर विकाल, गाडी विकाल, हा आठवडा एका डॉलरलाही जाणार नाही, कारण आजच तो एका डॉलरला आहे. बिल थकलं तर वसुलीवाले, क्रेडिटवर डाग, शेवटी फोरक्लोजर, म्हणजे जप्ती. इथे परत यायचं असेल तर तो डाग नको. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत कायमस्वरूपी काहीही नावावर घेऊ नका, असं मी माझ्या धाकट्या भावालाही सांगेन. घर घ्या म्हणेन, ते विकता येतं.

तुमच्या परिस्थितीत मी काय करीन ते सांगतो. ऑर्लँडोवर गेले असते त्यातले १,५०० डॉलर वर्षाला 'सुट्टी' नावाच्या वेगळ्या बचत खात्यात, महिन्याला सव्वाशे. त्याआधी चार महिन्यांची शिल्लक आठ महिन्यांवर न्या, व्हिसावरच्या घराला चार पुरत नाहीत. पुढची दोन वर्षं टाइमशेअर भाड्याने घेऊन राहून बघा. आई-आबा येतील त्या उन्हाळ्यात गाडीने जाता येईल असं काही निवडा. पेनसिल्व्हेनियातले पोकोनोज किंवा व्हर्जिनियातलं मॅसनटन एडिसनहून गाडीच्या टप्प्यात आहे. दोन बेडरूम, पूर्ण स्वयंपाकघर. आईंना सकाळी पोहे करता आले आणि आबांना दुपारी भात-आमटी मिळाली की निम्मी सहल तिथेच जिंकली. हॉटेलच्या खोलीत इंडक्शन लपवून चहा करण्याचे दिवस आपण सगळ्यांनी काढलेत. टाइमशेअरची खरी किंमत त्या ओट्यात आहे, आणि ओटा भाड्यानेही मिळतो.

ही दोन वर्षं झाल्यावर, आणि तेही कार्ड आल्यावरच, तुम्हाला वाटलं की आपण सलग एकाच जागी जातोय आणि तिथलं भाडं मेंटेनन्सपेक्षा जास्त पडतंय, तर तीच जागा घ्या. एक्स्चेंज बंद पडलं तरी जिथे आनंदाने जाल, तिथलाच आठवडा. तेव्हा रिसॉर्टकडून एस्टॉपेल लेटर (खात्याची स्थिती लेखी सांगणारं पत्र) घेतल्याशिवाय पैसे सोडू नका. त्यात थकबाकी, चालू असेसमेंट आणि मुख्य म्हणजे यंदाचा, पुढचा आठवडा मालकाने आधीच जमा करून वापरून टाकलाय का, हे कळतं. पैसे परवानाधारक क्लोजिंग कंपनीच्या एस्क्रोमध्येच (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे राखून ठेवणारं खातं). डीड काउंटीत नोंदलं गेल्याची प्रत हातात घ्या. मुलांची नावं घालू नका.

रीसेलवर काय काय गळून जातं तेही बघा. डिस्नीचा टाइमशेअर आठवड्यांऐवजी पॉइंटांत विकला जातो. त्यांच्या जुन्या १४ रिसॉर्टचे पॉइंट १९ जानेवारी २०१९ पासून रीसेलवर घेतले असतील, तर ते रिव्हिएरासारख्या नव्या ठिकाणी चालत नाहीत. मॅरियटमध्ये २० जून २०१० नंतर रीसेलवर घेतलेला आठवडा कंपनीच्या पॉइंट योजनेत आपोआप जात नाही. पाम डेझर्टवाल्यालाही हा प्रश्न विचारून ठेवा, कुतूहल म्हणून.

राहता राहिला गोवा. आरसीआयच्या यादीत गोव्यातली रिसॉर्ट आहेत हे खरं. पण डॉलरमध्ये मेंटेनन्स आणि एक्स्चेंज फी भरून तुमची रात्र २२५ ला पडते, आणि आजच्या दराने ते वीस हजार रुपयांच्या आसपास. नाताळचे दिवस सोडले तर एवढ्या पैशांत गोव्यात फार चांगली खोली मिळते, नाश्त्यासकट. साताऱ्याहून आबांनाच बुक करायला सांगा. त्यांना घासाघीस करायला आवडत असेल तर अजून कमी पडेल.